वायरमनचा अंधार

दुर्बिणीच्या खोक्यावर छापलं होतं : पाचशे पंचवीस पट.
मी चार मिलिमीटरचं आयपीस लावलं, चंद्र गाठला,
आणि दिसलं ते उकळत्या पाण्यात पडलेलं
दहा रुपयांचं नाणं.

मग तीच चूक दुसऱ्या नावांनी :
बार्लो घेतली. चंद्रासाठी हिरवं फिल्टर घेतलं.
हिरवा लेझर घेतला, तो लावला की गावची कुत्री उठत.
नागपूरच्या दुकानदारानं फोनवर विचारलं,
आकाश कसं आहे तुमच्याकडे?
मी म्हणालो, भरपूर आहे.

कामाचं निघालं ते असं :
उकंडा सुतारानं केलेलं तीन उंचींचं स्टूल,
कारण वाकून बघणारा माणूस
शनी नाही, स्वतःची कंबर बघतो.
सबस्टेशनातली जुनी रबरी मॅट,
नळीच्या तोंडाशी गुंडाळली की दव थांबतं
(ही ओळ मंडळानं वाचू नये).
वच्छलाच्या नखपॉलिशनं लाल केलेली बॅटरी,
"हे आता कोनाले लावता?" तिनं विचारलं होतं.
आणि एक साधं, पंचवीसचं आयपीस,
ज्यात मृगाच्या तिकांड्याखालचं धुरकट पुंजकं अख्खं मावतं,
बोंडातून नुकत्याच ओढलेल्या कापसासारखं,
चार सरक्या अजून आत.

अंधार मात्र कुठल्या दुकानात मिळेना.
आणि मी वायरमन.
बोरखडीचे एक्केचाळीस खांब माझ्या हातचे.
पांढरे एलईडी मीच शिडी लावून बसवले,
सरपंचानं नारळ फोडला, खोबरं मलाही मिळालं,
त्या रात्री अंगणातून पाहिलं तर
सहा कृत्तिकांच्या तीन झाल्या होत्या.

म्हणून शेतात गेलो. तिथे हरसिंग मचाणावर,
रानडुकरांसाठी त्याचा झोत या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत.
वीस मिनिटं डोळ्यांत साठवलेला काळोख
एका फटक्यात सांडतो.
"अरे डुक्कर नाही, मी आहे, इंगोले!"
"मले काय माहीत भाऊ,
तुमीबी वाकलेलेच असता."

पौषातल्या अवसेला, साडेदहाला,
मी डीपीपाशी गेलो आणि फ्यूज ओढला.
सांगून टाकतो.
आधी आवाज गेला. गाव एवढं गुणगुणत असतं
हे मला तेव्हा कळलं.
मग हळूहळू सगळं वरून खाली आलं,
चिंचेच्या शेंड्यापर्यंत.
दुर्बीण घरी होती. तिच्याकडे धावायचं सुचलंच नाही,
पक्कड हातात धरून उभा राहिलो.

सतरा फोन आले. शिव्या लिहीत नाही.
अठरावा हरसिंगच्या सोनलचा.
"काका, लाइन कवा येते?"
येतेच आता.
"तसं नाई. आमी ओट्यावर हाओत.
बाबा म्हातारीची बाज दाखवून राह्यले.
दोन चोर भेटले, तिसरा दिसून नाई राह्यला."

मी ईशान्येला पाहिलं.
तिसरा चोर अजून धुऱ्याखाली होता,
उगवायला आठ मिनिटं तरी होती.
मी म्हणालो, मोठा फॉल्ट आहे बाई,
वेळ लागेल.

रजिस्टरात लिहिलं : फ्यूज गेला, बदलला.

आता रविवारी तेलाचे डबे कापतो,
खांबाच्या दिव्यांना टोपी घालतो,
म्हणजे उजेड रस्त्यावर पडावा, डोक्यावरून जाऊ नये.
सात झालेत. चौतीस राहिलेत.
ही वस्तू कुठल्या कॅटलॉगात नाही.

हरसिंगच्या बॅटरीलाही नखपॉलिश लावून दिलं.
लाल उजेडाला डुकरं भीत नाहीत,
हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.
दोन तास तूर गेली.
भरपाई म्हणून मी त्याला स्टुलावर बसवून शनी दाखवला,
कडं, कड्यातली फट, सगळं.
तो बराच वेळ डोळा लावून होता.
"चांगला हाय," म्हणाला.
"पन तूरबी चांगली होती."